ओवीतलं माहेर

जात्यावर नुकत्याच दळलेल्या ज्वारीच्या पिठाला एक ऊब असते. दगडावर दगड घटकाभर फिरला, दोन माणसांचे हात दमले, की त्या श्रमातून जी मागे उरते ती ही ऊब. तिला थोडा गोडसर, थोडा मातकट वास असतो आणि तिचा स्पर्श झोपेतून उठलेल्या लहान मुलाच्या गालासारखा असतो. गिरणीचं पीठही गरम येतं, नाही असं नाही. पण ते तापलेलं असतं. रागावलेल्या माणसाजवळ थोडं थांबून जावं तसं त्याच्याजवळ थांबूनच हात घालावा लागतो. आजही सून गिरणीतून डबा आणून ठेवते, तेव्हा मी जरा वेळ जाऊ देते आणि मग हळूच मनगटापर्यंत हात आत घालते. ती हसते, विचारते, "आत्या, काय शोधताय?" मी म्हणते, "माहेर." तिला वाटतं, म्हातारीला थट्टा सुचली. पण तुम्हाला म्हणून सांगते, यात थट्टा नाही. माझं माहेर मला खरोखरच पिठात सापडलं होतं.

तेरणा नदीच्या काठी तेर नावाचं जुनं गाव आहे. तिथे एका बोळाच्या टोकाला माळवदाचं एक लांबट घर होतं आणि त्या घरात आम्ही पाच मुली राहत होतो. आमच्याकडे तेव्हा निजामाचं राज्य होतं. लोक साध्या भाषेत त्याला मोगलाई म्हणत. घर होतं नीलव्वा अक्कांचं. अक्का म्हणजे एका लिंगायत धान्यवाल्याची विधवा. त्यांचं माहेर उमरग्यापलीकडचं, कानडी मुलखातलं. त्यामुळे रागावल्या की कानडीत रागवायच्या आणि माया आली की मराठीत यायच्या. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यातल्या निम्म्या किल्ल्यांची कुलपं कधीच हरवली होती. स्वतःचं मूलबाळ नव्हतं. ज्या वर्षी पटकीची साथ गावंच्या गावं रिकामी करत फिरली, त्या वर्षी कुणीतरी एक पोर त्यांच्या ओट्यावर आणून सोडली. पुढे जशा साथी आल्या तशा पोरी येत गेल्या. आम्हांला कुणी 'अनाथ' म्हटलं की अक्का उसळून उठत. "नाथ वर बसलाय, अक्का खाली बसलीया. अनाथ कशा गं या?" एवढं बोलून त्या समोरच्याला ताक प्यायला लावत, म्हणजे त्याचं तोंड आपोआप बंद होई.

सगळ्यांत मोठी चंद्रा, पंधरा वर्षांची. तिच्याखाली मी, शेवंता, चौदा वर्षांची. मग गोदा, मैना आणि पारू, अकरा ते तेरामधल्या. पाचजणींचे पाच स्वभाव! मी फटकळ, गोदा रडवी, मैना झोपाळू, पारू चौकस आणि चंद्रा गप्प. अक्का म्हणत, "हाताची पाची बोटं सारखी नसत्यात, पर भाकर थापाया पाचीबी लागत्यात."

मला माझं गाव ठाऊक होतं. नदीच्या वरच्या अंगाला दहा-बारा घरांची वस्ती, आईच्या हातावरचं तुळशीचं गोंदण, बापाचा खोकला आणि माझा भाऊ रामा, वय वर्षं सात. ते तिघंही आठ दिवसांत गेले. मी नऊ वर्षांची होते. चंद्राला यातलं काहीच नव्हतं. कुठल्याशा यात्रेत पटकी फुटली, माणसं वाट फुटेल तिकडे पळाली आणि त्या पळापळीत एका गाडीवानाला रस्त्याच्या कडेला तीन वर्षांची पोर रडताना दिसली. तिला स्वतःचं नाव सांगता येत होतं. तुझं गाव कोणतं, असं विचारलं की ती म्हणायची, "घर." बस्स, एवढंच. त्या एका शब्दावर कोणता गाडीवान कुठल्या वाटेला लागणार?

माझं दुःख आठवणींचं होतं, तिचं दुःख आठवण नसल्याचं. आणि या दोन दुःखांची एकमेकींशी गाठ पडली की नेहमी भांडण होई. मी आईच्या आठवणीने रडू लागले की चंद्रा आधी जवळ यायची, खोदून खोदून विचारायची: गोंदण कसं होतं गं, हिरवं की निळं? हात कसे लागायचे, खरखरीत की मऊ? उपाशी माणसाने दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तशी ती माझ्या आठवणींकडे बघायची. आणि मग एकाएकी चिडायची. "पुरं की आता! तुला रडाया मानसं तरी हायती." केवढं कठोर बोलणं! पण किती खरं! रडण्यालासुद्धा एक नाव लागतं, एक चेहरा लागतो, हे मला तिने शिकवलं.

तेरच्या भोवती पांढऱ्या मातीची टेकाडं आहेत. फार पूर्वी तिथे मोठं नगर होतं म्हणतात. पाऊस ओसरला की त्या मातीतून शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, भाजलेल्या मातीचे मणी, खापऱ्या वर येत. आम्ही शेण वेचायला म्हणून जायचो आणि ओच्यात मणी भरून यायचो; अक्कांच्या शिव्या ठरलेल्या. चंद्राला या मण्यांचं विलक्षण वेड. एखादा मणी थुंकी लावून पुसायची, उन्हाकडे धरायची आणि विचारायची, "शेवंते, ह्यो कुणाचा आसंल गं?" मी म्हणायची, "ज्याला गावला त्याचा." त्या मण्याला आपल्या मालकिणीचं नाव ठाऊक नव्हतं; म्हणून तो मणी असण्यात कुठे कमी पडत होता? हे शहाणपण मला आज सुचतं. तेव्हा सुचलं असतं तर तिला सांगितलं असतं. पण शहाणपण ही वस्तू अशी की गरज सरल्यावरच घरपोच येते.

लढाईची वर्षं होती. कापड, साखर, रॉकेल माणशी ठरवून मिळत असे आणि त्यासाठी घरोघरची नावं लिहायला एक कारकून गावात आला. उतारवयाचा, सौम्य चेहऱ्याचा माणूस. ओट्यावर बैठक मारून त्याने उजवीकडून डावीकडे झरझर लिहायला सुरुवात केली. नाव विचारी, मग विचारी, "वल्दियत?" म्हणजे बापाचं नाव. माझ्या बापाचं नाव मी खणखणीत सांगितलं. चंद्राची पाळी आली तेव्हा ती अक्कांकडे बघू लागली आणि अक्का जमिनीकडे. कारकून समजला. त्याने काहीतरी लिहिलं आणि पुढच्या नावाकडे वळला. पण चंद्राने त्याला सोडलं नाही. काय लिहिलं ते विचारलं. "ला-वारिस," तो म्हणाला आणि तिला कळावं म्हणून हळू आवाजात उलगडून सांगितलं, "जिसका कोई वारिस नहीं, बेटी." भला माणूस होता तो. तोंडाने बेटी म्हणत होता आणि हाताने तेच लिहीत होता. त्या बिचाऱ्याच्या कागदात दुसरं घर नव्हतं, तो तरी काय करील? त्या दिवशी चंद्रा जेवली नाही. मी समजूत घालायला गेले तर म्हणाली, "लावारिस गुरं आसत्यात शेवंते. कोंडवाड्यातली."

आता जात्याकडे येते. जात्यावर बसायची एक रीत होती. पहिली ओवी देवाची, दुसरी आईबापाची, तिसरी भावाची. मग पुढे ज्याला जे सुचेल ते. अक्कांच्या घरी मात्र कुणी न ठरवता एक निराळीच रीत पडून गेली होती. पहिली ओवी देवाची झाली की आम्ही मधली दोन घरं ओलांडून थेट पाऊसपाण्यावर, नाहीतर अक्कांच्या म्हशीवर येत असू. त्या म्हशीवर आमच्याइतक्या ओव्या साऱ्या परगण्यात कुणी गायल्या नसतील! कारकून येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चंद्रा आणि मी समोरासमोर बसलो होतो. खुंट्यावर तिचा हात, त्यावर माझा हात. देवाची ओवी झाली. मी म्हशीकडे वळणार, तोच चंद्राने दुसरी ओवी धरली:

*ईट माझं गाव, दारी लिंबाची सावली,*
*बाप बसला वाटंला, उन्हं पायाशी गं आली.*

माझा हात थांबला, म्हणून जातंही थांबलं. ईट? भूम तालुक्यातलं, डोंगराकडचं हे गाव आमच्यापैकी कुणीही पाहिलेलं नव्हतं. महादू कासार बांगड्या घेऊन आला की "ईटचा बाजार करून आलो" असं म्हणायचा, तेवढाच त्या नावाशी आमचा संबंध. नाव लहान होतं, स्वच्छ होतं, ओवीत नीट बसत होतं. चंद्राने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने खुंटा ओढला. मीही, फटकळ असूनही, तिच्याबरोबर खुंटा ओढू लागले.

मग रोज पहाटे ते माहेर थोडं थोडं उभं राहू लागलं. कधी दारात गाय आली, कधी परड्यात दोडक्याचा वेल चढला. वाटेवर पायऱ्यांची बारव आली. तिसऱ्या ओवीपाशी मात्र चंद्रा अडली. भाऊ होता, पण बिननावाचा. दोन दिवस ती त्या ओवीच्या दारात घुटमळत होती. तिसऱ्या दिवशी ती ओवी मीच गायले:

*माझ्या माहेराच्या वाटं पायऱ्यांची बारव,*
*रामा भाऊराया, बैलं पाण्याला उतरव.*

रामा कोण, ते नंतर तिला एकटीलाच सांगितलं. म्हणजे मी माझा रामा तिला देऊन टाकला. पाच वर्षं ते नाव मी ओठांवर येऊ दिलं नव्हतं. ते उच्चारलं की त्याच्यापुढे 'गेला' हा शब्द यायचा, म्हणून. चंद्राच्या ओवीत तो शब्द नव्हता. तिथे रामा बैल हाकत होता, बाजारातून खण आणत होता, मिसरूड फुटलं म्हणून ऐट करत होता. सात वर्षांचा गेलेला माझा भाऊ तिथे मोठा होऊ लागला! हळूहळू बाकीच्या तिघीही त्या गावाला जाऊ लागल्या. गोदाला तिथे आत्या मिळाली, मैनाला आंब्याचं झाड. पारूने तर एक चुलता उभा केला आणि भांडून त्याला वेगळाही काढला. सकाळच्या दोन घटका आम्ही पाचजणी ईटला असायचो आणि पायली-दोन पायली पीठ पडलं की तेरला परत यायचो.

हे खोटं होतं का? तुम्हीच सांगा. लेकरू बाहुलीला पाजतं तेव्हा त्याला आपण खोटारडं म्हणतो का? ज्याला घर आहे तो घरात राहतो. ज्याला नाही त्याला ते आधी मनात बांधावं लागतं, आणि मनातलं बांधकाम काही कमी कष्टाचं नसतं. पण हा युक्तिवाद माझा आजचा. तेव्हा आम्हांला एवढंच ठाऊक होतं की हे पाचजणींच्या आतलं आहे आणि भिंतीपलीकडे कुणाला कळायचं कारण नाही.

भिंतीपलीकडे अक्का होत्या. पहाटे हातावर लिंग घेऊन त्यांची पूजा चाले आणि कान मात्र आमच्याकडे असत. जात्याम्होरं कुणी खोटं बोलत नाही, ही अक्कांची जन्माची श्रद्धा. सासुरवाशीण नवऱ्याशी खोटं बोलेल, सासूशी बोलेल, देवाशीसुद्धा बोलेल. पण जात्याशी नाही. आणि म्हणून, एरवी सगळ्या बाबतींत शहाण्या असलेल्या आमच्या अक्कांनी असा अर्थ लावला की पोरीला बालपणीचं आठवू लागलंय. एका अक्षराने आम्हांला न विचारता, आषाढात आलेल्या महादू कासाराला त्यांनी निरोप दिला: ईटच्या बाजारात सांग, यात्रेतल्या पटकीत हरवलेली तुमची लेक तेरला आहे, दारी लिंब, वाटेवर बसलेला बाप, बारव आणि भाऊ रामा, असं ओव्यांत गाते, ही खूण.

नागपंचमीला चार दिवस उरले होते. दुपारची वेळ. ओट्यावर एक माणूस येऊन बसला. पन्नाशीचा, खांद्यावर घोंगडी, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ आणि हातात भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं. अक्का आत आल्या त्या जवळजवळ धावतच. चेहरा असा उजळलेला, जणू त्यांचंच कुणी आलंय. "चंद्रे, पानी घे. ईटाहून तुझं मानूस आलंय गं. यात्रंत लेक हरवली व्हती त्येंची, तीन वरसाची."

चंद्राचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. भीती होती, हे खरं. पण त्या भीतीच्या तळाशी एक आशाही होती, आणि तीच फार भयंकर होती. काय सांगावं, असेलही खरं! नाहीतर तेच गाव का सुचलं? मी तिला कणगीमागे ओढलं. ती म्हणाली, "शेवंते, आता काय करू?" आणि मी, माझ्या चौदा वर्षांच्या अकलेने, सांगितलं, "गप ऱ्हा. त्यो लेक म्हनला तर तू आबा म्हन. घर मिळतंय, घे की!" आजही हे आठवलं की मला माझी लाज वाटते आणि मायाही वाटते. तिला घर मिळावं यापलीकडे मला काही नको होतं.

ती तांब्या घेऊन बाहेर गेली. दोन्ही हातांनी पुढे केला. त्या माणसाने तांब्या लगेच घेतला नाही. तो तिच्या हातांकडे बघत राहिला, इतका वेळ, की पारू माझ्या कानात कुजबुजली, "पान्यात काय पडलंय व्हय?" मग त्याने तांब्या घेतला आणि घोट घोट करत सगळा रिकामा केला. तोंड पुसलं आणि म्हणाला, "वाटंनं कासार सांगत व्हता, लई ग्वाड गातीस म्हनं. त्या बारवंची ओवी म्हन की, बाई."

चंद्राने तोंड उघडलं. ओवी आली नाही. दारामागून मी हातवारे करत होते, म्हण, म्हण! तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा अक्कांकडे, आणि त्या माणसासमोर खाली बसून घेतलं. "आबा, म्या तुमची न्हाय. ईट म्या बघितलं बी न्हाय. लिंब, बारव, समदं ओवीतलं हाय. आन् रामा हिचा हाय, माझा न्हाय." एवढं बोलून ती कोसळल्यासारखी रडू लागली. अक्कांचा हात गळ्यातल्या लिंगाकडे गेला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "जात्याम्होरं खोटं बोललीस, यव्वा?" एवढंच त्यांनी विचारलं.

"अक्का, पोरीला बोलू नगा," तो माणूस म्हणाला. "मला तांब्या घेतानाच कळलं. माझ्या लेकीच्या उजव्या हाताला सहा बोटं व्हती. आन् आमच्या दारात लिंब न्हाय, चिंच हाय. वाटंला बारव बी न्हाय. कासारानं सांगितलं तवाच वाटलं व्हतं, की ही आमची न्हाय."

पारू चौकस, तिला कुठे काय विचारावं हे कधीच कळलं नाही. तिने विचारलं, "मंग पानी का प्यालाव?"

"तहान लागली व्हती, बाई," तो म्हणाला.

त्याने घोंगडी उचलली, खांद्यावर टाकली, ओट्याची पायरी उतरला आणि तिथेच थांबला. आमच्याकडे पाठ करून, बोळाकडे बघत बोलू लागला. "निघताना घरात म्या सांगितलं व्हतं, कळंल ते कळंल, पर कुणीतरी बाप म्हनून वाटंला बशिवलंय, तर जाऊन येतो. तिनं पंचमीच्या लाह्या भाजाया घेतल्या. बारा वरसात लाह्या भाजल्या न्हवत्या तिनं." मग वळून तो चंद्राला म्हणाला, "येतीस का? लेक म्हनून फसवाया नगं. तिला खरंच सांगू. पंचमीची पाव्हनी म्हनून ये."

चंद्राने डोळे पुसले. जगातलं जे काही तिला हवं होतं ते सगळं समोर उभं होतं, आणि ही पोर काय म्हणाली असेल? म्हणाली, "एकली न्हाय येनार. ते माहेर पाचजनींचं हाय."

तो आबा पहिल्यांदा हसला. आम्हांला मोजत मोजत म्हणाला, "गाडीत मावतील तेवढ्या चला."

निघायच्या सकाळी अक्कांनी पाचजणींच्या डोक्याला तेल चोपडलं, इतकं की ते कपाळावर ओघळलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडात टोमणा. "पंचमीला लेकी माहेरी जात्यात. मंग माझं घर काय सासर झालं व्हय गं?" तेरहून छोट्या रेल्वेने बार्शी, म्हणजे इंग्रजी हद्द, तिथून आबांच्या ओळखीच्या गाडीतून पुन्हा मोगलाई. नाक्यावरच्या शिपायाने आमचं गाठोडं उघडून बघितलं, तर त्यात पाच फण्या आणि चंद्राचे टेकाडावरचे मणी. तो म्हणाला, "बस, इतनाच?" गोदाला तेवढ्यावरून रडू आलं. डोंगराच्या कडेने गाडी चढू लागली तशी चंद्रा ते गाठोडं पोटाशी घट्ट धरून बसली. मला वाटलं, हिला भीती वाटतेय. ओवीतल्या गावात खरोखर पाऊल ठेवायचं, म्हणजे काय ते मला तेव्हा उमगलं नव्हतं.

घर लहानसं होतं. दारात चिंच होती. चौकटीत एक बाई उभी होती, वाळक्या अंगाची, केस पिकलेले. आबांनी तिला तिथेच, बैल सोडायच्या आधी, खरं ते सांगितलं: आपली न्हवं ही. ती उंबरा उतरून गाडीशी आली आणि आमचे हात हातात घेऊन बघू लागली. आधी चंद्राचा, मग माझा, मग गोदाचा, मैनाचा, पारूचा. प्रत्येक उजव्या हाताची बोटं तिने आपल्या बोटांनी मोजली. सगळीकडे पाचच. पारूचा हात सोडला आणि ती पाठ फिरवून आत निघून गेली. आबांनी मान खाली घातली. चंद्रा माझ्या कानाशी म्हणाली, "चल शेवंते, परत जाऊ."

एवढ्यात ती बाई पुन्हा बाहेर आली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात अख्खी भाकरी. लांबून आलेल्या लेकीवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात, दृष्ट काढतात आणि मगच तिला घरात घेतात. आमच्याकडची जुनी रीत. तिने एक तुकडा मोडला. मग दुसरा. मग तिसरा, चौथा, पाचवा. एकेकीवरून ओवाळला, लांब टाकला, आमच्या डोळ्यांना पाणी लावलं आणि म्हणाली, "आत या गं पोरींनो. लाह्या गार व्हायल्यात."

पंचमीच्या दिवशी चिंचेला झोका बांधला. लाह्या वाटताना ती माय थबकली आणि विचारलं, "ओवीतला रामा कुनाचा?" चंद्राने माझ्याकडे बोट दाखवलं. मायने माझ्या पदरात आणखी एक ओंजळ टाकली. "त्याच्या वाटंच्या," ती म्हणाली. झोक्याच्या दोरीला धरून मी रामासाठी पोटभर रडले. पाच वर्षांचं साचलेलं रडू होतं ते. चंद्रा माझ्या शेजारी उभी होती. या वेळी तिने मला "पुरं की" म्हटलं नाही.

दुसऱ्या वर्षीच्या पंचमीला आम्ही गेलो तेव्हा दारात, चिंचेपासून थोडं अलीकडे, काट्यांच्या कुंपणात लिंबाचं वीतभर रोप होतं. आबांनी बैल सोडले आणि आधी त्याला तांब्याभर पाणी घातलं. मोगलाईच्या अखेरच्या वर्षी वाटा बंद झाल्या, गाडी आली नाही, तेव्हा महादू कासार आडवाटेने पाच जोड बांगड्या घेऊन आला आणि म्हणाला, "ईटाहून हायत." पुढे चंद्राचं लग्न त्याच दारात झालं आणि मामा म्हणून तिच्या पाठीशी हा कासारच उभा राहिला. अक्कांना मी एकदा विचारलं, तुमच्या त्या श्रद्धेचं काय झालं हो? त्या हसल्या. म्हणाल्या, "काय व्हायचं? लिंब आला न्हवं दारात?" मग मला कळलं की अक्कांची चूक ही चूक नव्हतीच. काही गोष्टी गाताना खऱ्या नसतात एवढंच. कुणीतरी त्यांच्यासाठी चालत यावं लागतं.

अक्का गेल्या, आबा-माय गेले. चंद्राही तीन वर्षांपूर्वी गेली. तिच्या गळ्यात शेवटपर्यंत टेकाडावरचा तो एक मणी होता. तो कुणाचा होता, हे तिला कळलं नाही आणि नंतर तिने ते विचारणंही सोडून दिलं होतं. जातं आता कुणाच्या घरी नाही. ईटच्या दारातला लिंब मात्र एवढा झालाय की त्याच्या सावलीत गाडी उभी राहते.

तर सून परवा पुन्हा पिठाचा डबा घेऊन आली. मी हात आत घातला, डोळे मिटले, बराच वेळ तसाच ठेवला. ती म्हणाली, "सापडलं का आत्या माहेर?" मी हात बाहेर काढला, मनगटापर्यंत पांढराशुभ्र झाला होता, आणि झटकावासा वाटत नव्हता. म्हटलं, "सापडलं. आता भाकरी टाक. पहिली मला दे, तिचे पाच तुकडे करायचेत."